क्रूझची कागदपत्रं: मार्ग बघून ओळखपत्र कसं ठरवायचं

क्रूझचं बुकिंग करताना केबिनला बाल्कनी आहे का, जैन जेवण मिळेल का, मुलांना पोहायला तलाव आहे का, हे सगळं विचारलं जातं. कागदपत्रांचा विषय निघतो तो पैसे भरून झाल्यावर. जहाजाच्या बाबतीत नेमकं हेच महागात पडतं. टर्मिनलच्या काउंटरवर एक कागद कमी निघाला तर जहाज थांबत नाही आणि पैसेही बहुतेक वेळा परत मिळत नाहीत. कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून मुंबईच्या धक्क्यावर पोचल्यावर घरी राहिलेला कागद मागवायला वेळ उरलेला नसतो.

विमानाचा प्रवास बहुतेक वेळा एका देशात जाऊन परत येण्याचा असतो. क्रूझ मात्र एका देशातून निघते, दोन-तीन देशांना शिवते आणि पुन्हा पहिल्याच देशात परत येते. कुठला कागद लागणार हे या फेरीवर ठरतं, म्हणून सुरुवात फेरीपासूनच करायची.

आधी मार्ग कागदावर उतरवा

जहाजाचा कार्यक्रम समोर घेऊन एका पानावर तीन रकाने करा: तारीख, बंदर, देश. बंदराचं नाव वाचून देश ओळखीचा वाटला तरी लिहाच. मग देशांच्या रकान्यावर वरून खाली बोट फिरवा. एकच देश (युरोपातले शेंगेन गटातले, म्हणजे एकाच व्हिसावर चालणारे, देश मिळून एकच धरा) दोनदा आला आणि मध्ये दुसरा देश असला, तर त्या ओळीखाली लाल रेघ मारा. व्हिसाची सगळ्यात मोठी चूक तिथंच होते. त्याचं पुढे सविस्तर बोलू.

सगळ्या ओळींत भारतच असेल (मुंबई–गोवा, मुंबई–लक्षद्वीप, किंवा खोल समुद्रात फेरी मारून पुन्हा मुंबई), तर पासपोर्टशिवाय जाता येतं. एक जरी ओळ परदेशाची असेल, उदाहरणार्थ चेन्नईहून श्रीलंकेची फेरी, तर घरातल्या प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, स्वतंत्र पासपोर्ट लागतो. आईवडिलांच्या पासपोर्टवर मुलाचं नाव घालून चालवण्याचे दिवस संपले.

देशातल्या देशात क्रूझ

इथं सरकारी, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅन कार्डवर पत्ता नसतो आणि क्रूझ कंपन्या ते धरत नाहीत, म्हणून त्यावर विसंबू नका. पॅन लागतं ते परदेशी टूरचं पॅकेज घेताना, टूरवाला तुमच्याकडून घेऊन भरतो त्या करासाठी. जहाजात चढण्याशी त्याचा संबंध नाही.

मोबाइलमधला आधारचा फोटो किंवा झेरॉक्स घेऊन निघू नका. मूळ कार्ड घ्या, आणि त्यासोबत दुसरं एखादं ओळखपत्रही. आधारवरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, पुसट, ओळखू न येणारा असतो, तेव्हा दुसरं कार्ड कामाला येतं. ज्येष्ठांच्या बऱ्याच आधार कार्डांवर जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष असतं. बुकिंगमध्ये पूर्ण तारीख भरलेली आणि कार्डावर फक्त वर्ष, अशा वेळी पूर्ण तारीख असलेलं दुसरं ओळखपत्र हाताशी हवं.

पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार बोटांचे ठसे न घेता दिलेलं असतं. पाच वर्षं पूर्ण झाली की ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं. ते राहिलं असेल तर निघण्याआधी करून घ्या, आणि मुलांचा मूळ जन्म दाखला सोबत ठेवाच.

लक्षद्वीपचं वेगळं आहे. तिथं बाहेरच्या माणसाला, भारतीय असला तरी, प्रवेशाचा परवाना लागतो. हा नियम १९६७ पासूनचा आहे. क्रूझने जाणाऱ्यांसाठी परवाना सहसा कंपनीच काढते, पण त्यासाठी ओळखपत्राची प्रत आणि फोटो आधी मागते. दिलेल्या मुदतीत ते पाठवले नाहीत तर जहाजात चढता येईल, पण बेटावर उतरता येईलच असं नाही. अमेरिकन पासपोर्ट असलेली नातवंडं सोबत असतील तर बुकिंगच्या आधी कंपनीला तसं सांगा. परदेशी नागरिकांना तिथली मोजकीच बेटं खुली आहेत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) हा पासपोर्ट नव्हे. त्या मुलांना परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात लागतात.

पासपोर्ट कपाटातून काढून उघडून बघा

'आहे पासपोर्ट' एवढ्यावर समाधान मानू नका. बुकिंगच्या दिवशीच तो हातात घेऊन चार गोष्टी पाहा.

पहिली, मुदत. प्रवास संपून घरी परतण्याच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने शिल्लक हवेत. बरेच लोक निघण्याच्या तारखेपासून मोजतात आणि आठ-दहा दिवसांनी चुकतात. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नवा पासपोर्ट मागता येतो, तेव्हा काठावर असाल तर थांबू नका.

दुसरी, कोरी पानं. शेंगेन व्हिसासाठी दोन पूर्ण कोरी पानं लागतात. शेवटी नोंदींसाठी राखलेली पानं यात धरायची नाहीत.

तिसरी, अवस्था. ही कोल्हापूर-शिरोळकडच्या लोकांनी जास्त काळजीनं बघावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजून वाळलेले पासपोर्ट अजून अनेक घरांत आहेत. फोटोच्या पानावरचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून सुटलंय का ते नखानं हलकेच तपासा. पानं फुगून लाटेसारखी झाली आहेत का, शाई पसरली आहे का, शिवण सुटली आहे का ते बघा. फोटोखालच्या त्या दोन ओळी, ज्यांत अक्षरं आणि बाणासारखी चिन्हं असतात, यंत्रानं वाचायच्या असतात. त्यावर डाग असेल तर विमानतळावर किंवा बंदरावर पासपोर्ट अडतो. असा पासपोर्ट 'खराब झालेला' या कारणानं बदलून घ्या. क्रमांक व नाव वाचता येत असेल आणि फोटो शाबूत असेल तर तत्काळमध्ये अर्ज करता येतो, ओळखूच न येण्याइतका खराब असेल तर येत नाही. घरच्या घरी इस्त्री फिरवून किंवा चिकटपट्टी लावून दुरुस्ती करू नका. त्यानं साधा खराब पासपोर्ट छेडछाड केलेला दिसू लागतो.

चौथी गोष्ट नाव. तिला जागा थोडी जास्त द्यावी लागेल.

नावाचा घोळ

आपल्याकडे माणसाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर 'पाटील सुरेश दत्तात्रय', आधारवर 'सुरेश दत्तात्रय पाटील', बँकेत 'सुरेश डी. पाटील'. पासपोर्टवर दोन खाने असतात: आडनावाचा आणि दिलेल्या नावाचा. दिलेल्या नावात 'सुरेश दत्तात्रय' आणि आडनावात 'पाटील' असेल, तर क्रूझच्या अर्जातही पहिल्या खान्यात 'सुरेश दत्तात्रय' आणि शेवटच्या खान्यात 'पाटील' असंच भरायचं. वडिलांचं नाव गाळलेलं कधी चालून जातं, कधी अडतं. पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर तसंच ठेवलं की प्रश्नच उरत नाही. 'दत्तात्रय'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक अक्षर कमीजास्त होणं ही नेहमीची चूक आहे. टूरवाल्याला नाव फोनवर सांगू नका. पासपोर्टच्या पानाचा स्पष्ट फोटो पाठवा आणि बुकिंगचा कागद आला की शेजारी ठेवून ताडून बघा.

खेडेगावातल्या जुन्या पासपोर्टांत आणखी एक अडचण दिसते. पूर्ण नाव दिलेल्या नावाच्या खान्यात आणि आडनावाचा खाना कोरा. काही आजींच्या पासपोर्टवर तर एकच शब्द असतो. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाचा प्रवेश बंद केला. दुबईहून निघणाऱ्या क्रूझला हे थेट लागू होतं. अमेरिकेच्या व्हिसावर आडनाव कोरं असेल तर सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिलं नाव माहीत नाही) अशी अक्षरं छापली जातात. मग विमानाचं तिकीट, व्हिसा आणि जहाजाचं बुकिंग यांत तीन वेगळी नावं दिसतात. परदेशी क्रूझचा विचार असेल तर आधी पासपोर्टमध्ये आडनाव घालून घ्या आणि मगच पैसे भरा.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर बुकिंगही त्याच नावानं करावं. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. सहलीच्या तोंडावर नाव बदलायला घेऊ नका. नाव बदललं की नवा पासपोर्ट, नवा क्रमांक, आणि जुन्या क्रमांकावर निघालेला ई-व्हिसा निरुपयोगी.

कोल्हापुरात पासपोर्ट काढताना

आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो, पण बहुतेक कामासाठी पुण्याला जावं लागत नाही. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज फक्त सरकारी पासपोर्ट सेवा साइटवर किंवा त्यांच्याच ॲपवर भरा. तसंच नाव आणि तसाच रंग असलेल्या खासगी साइट जास्तीचे पैसे घेतात. तत्काळचा अर्ज इथल्या केंद्रात घेतला जातो की पुण्याची वेळ घ्यावी लागते, ते वेळ निवडतानाच दिसतं.

प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, ६० पानी २००० रुपये, तत्काळचे वर २००० रुपये. अठरा वर्षांखालच्यांच्या पाच वर्षं चालणाऱ्या पासपोर्टची १००० रुपये. पहिल्यांदाच पासपोर्ट काढणाऱ्या आठ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीच्या पुढच्यांना फीमध्ये १० टक्के सूट आहे.

पोलिस पडताळणीत अडकण्याचं मुख्य कारण पत्ता. आधारवर गडहिंग्लजचा पत्ता, राहणं राजारामपुरीत, आणि अर्जात दोन्हींची सरमिसळ. आत्ता जिथं राहता तो पत्ता द्या आणि त्याचाच पुरावा जोडा. अर्ज केल्यावर अनोळखी क्रमांकाचे फोन उचला. पोलिस ठाण्यातून आलेला फोन सुटला आणि पडताळणीचा अहवाल प्रतिकूल गेला की महिना-दीड महिना सहज जातो.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखला चालतो. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा तो दाखला नीट वाचा. रुग्णालयातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे बऱ्याच दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. आईवडिलांची नावं आहेत, तारीख आहे, आणि बाळ निनावी. आधी नाव लावून नवा दाखला घ्या, मग पासपोर्टचा अर्ज करा. लहान मुलांच्या अर्जासोबत आईवडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट 'डी' लागतं. एकाची संमती मिळणं शक्य नसेल तर परिशिष्ट 'सी'. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून न्यावा लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, हे दुसऱ्या सहलीच्या वेळी हमखास विसरलं जातं.

मूल आजी-आजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर जाणार असेल तर न जाणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं, इंग्रजीतलं संमतिपत्र घ्या. त्यात मुलाचा पासपोर्ट क्रमांक, जहाजाचं नाव, तारखा आणि सोबतच्या माणसाचं नाव असावं. गरोदर स्त्रियांसाठी बहुतेक कंपन्यांची मर्यादा २४ आठवड्यांची असते, आणि ते आठवडे प्रवासाच्या शेवटच्या दिवशी मोजतात. डॉक्टरांच्या पत्रावर प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहून घ्या.

व्हिसा: लाल रेघ मारलेली ओळ

आता ते पहिलं पान पुन्हा समोर घ्या.

समजा बार्सिलोनाहून निघून ट्युनिसला थांबून मार्सेलला जाणारी भूमध्य समुद्राची फेरी आहे. स्पेन आणि फ्रान्स शेंगेनमध्ये, ट्युनिशिया बाहेर. ट्युनिसला पोचलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, मार्सेलला पुन्हा आत. म्हणजे दोन प्रवेश. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर कंपनी बार्सिलोनालाच चढू देत नाही. व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येचा खाना असतो. तिथं '०१' असेल तर एकदाच, '०२' म्हणजे दोनदा, आणि एम-यू-एल-टी ही चार अक्षरं असतील तर कितीही वेळा. व्हिसा हातात आला की पहिली नजर या खान्यावर, मग 'पासून-पर्यंत'च्या तारखांवर. चूक असेल तर व्हिसा केंद्राच्या काउंटरवरून हलण्याआधी दाखवा.

'त्या बंदरावर आम्ही उतरणारच नाही, जहाजावरच बसू' हे इथं चालत नाही. जहाज त्या देशाच्या हद्दीत येतं, प्रवाशांची यादी त्या बंदराला जाते, त्यामुळे कंपन्या प्रत्येक थांब्याचा व्हिसा आधीच मागतात.

शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच्याकडे करायचा. मुक्काम समान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीच्या क्रूझसाठी आमचा आग्रह किमान तीन महिन्यांचा, कारण पुण्या-मुंबईतल्या केंद्रांच्या वेळा मार्चपासून भरतात. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि शेंगेनमधून निघाल्यावर तीन महिने तरी चालणारा हवा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत पासपोर्ट वकिलातीत असतो, म्हणून दुसरा स्टिकर व्हिसा लागणार असेल तर आधी कुठला हे तारखा मांडून ठरवा.

शेतकरी कुटुंबांचा अर्ज उत्पन्नाच्या पुराव्यावर अडतो. आयकर विवरण नसतं आणि बँकेत पैसे वर्षातून दोन-तीनदाच येतात. अशा वेळी सातबारा, साखर कारखान्याची ऊसबिलं आणि ती रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा शिक्का-सही असलेला उतारा, अशी साखळी जुळवा. बिलातला आकडा आणि उताऱ्यातला आकडा एकमेकांना भिडले पाहिजेत. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून तरी घेऊन भरलेली मोठी रक्कम संशय वाढवते.

सिंगापूरहून मलेशिया-थायलंडची फेरी आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते. सिंगापूरच्या ई-व्हिसाच्या कागदावर एकाहून जास्त प्रवेशांची मुभा आहे ना ते पाहा, कारण जहाज परत सिंगापूरलाच येतं. शिवाय तिन्ही देशांची डिजिटल आगमन कार्डं आहेत. थायलंडचं १ मे २०२५ पासून लागू झालं. ती पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि तिन्ही सरकारी साइटवर फुकट आहेत. सिंगापूरचं कार्ड विमानानं पोचताना एकदा आणि जहाजानं परत येताना पुन्हा भरावं लागतं. तो दुसरा अर्ज जहाजावरच्या महागड्या इंटरनेटवर भरण्याची वेळ येऊ नये म्हणून आधीच्या बंदरावर मोबाइलला रेंज असताना भरून टाका. दुबई–दोहा–दुबईलाही हाच नियम: अमिरातीचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा.

मुलांकडे अमेरिकेत जाऊन तिथून क्रूझ करणाऱ्या आईवडिलांसाठी एक खास सूचना. इंटरनेटवरच्या अमेरिकन व्हिडिओंत 'पासपोर्ट नको, जन्म दाखला आणि वाहन परवाना पुरतो' असं सांगतात. ते खरं आहे, पण फक्त अमेरिकन नागरिकांसाठी, आणि त्याच अमेरिकन बंदरातून निघून तिथंच परतणाऱ्या ठरावीक फेऱ्यांसाठी. भारतीय पासपोर्टवाल्याला पासपोर्ट आणि एकाहून जास्त प्रवेशांचा अमेरिकन व्हिसा लागतोच. सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या फेरीत कॅनडाचा व्हिक्टोरिया थांबा जवळजवळ नेहमी असतो. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यानं परदेशी नोंदणीच्या जहाजांना मध्ये परदेशी बंदर घेतल्याशिवाय अशी फेरी करता येत नाही. थांबा संध्याकाळच्या चार तासांचा असला तरी भारतीयाला कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि तो भारतातूनच काढून जाणं सोयीचं.

पिशवी भरताना

मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दारातच घेतल्या जातात आणि कित्येक तासांनी केबिनबाहेर मिळतात. कागद त्यात गेले की तुम्ही काउंटरवर रिकाम्या हातांनी उभे. म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसाचे छापील कागद, बोर्डिंग पास, विमा, मुलांचे जन्म दाखले आणि संमतिपत्रं एका चेनच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये घालून खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या दोन झेरॉक्स काढा: एक पाऊचमध्ये, एक मोठ्या बॅगेत. मोबाइलमध्येही फोटो ठेवा.

वेब चेक-इन निघण्याआधी चार-पाच दिवस घरीच करा. पासपोर्टचा फोटो चढवताना चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि प्लॅस्टिकवर दिव्याची चमक पडता कामा नये. चमक असली की फोटो नाकारला जातो. खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद करून काढा. मुंबईत जहाज दुपारी निघत असलं तरी त्याच सकाळी पोचणाऱ्या रात्रीच्या गाडीवर सगळा भरवसा ठेवू नका. पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच पोचा.

काही जहाजांवर पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतात, बंदरावरची तपासणी एकत्र व्हावी म्हणून. यात घाबरण्यासारखं काही नाही, पावती मात्र जपा. बंदरावर उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो असलेलं एक ओळखपत्र घ्या. मूळ पासपोर्ट लागणार असेल तर आदल्या रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेत तसं छापतात. त्याच पत्रिकेवर त्या बंदरातल्या जहाजाच्या प्रतिनिधीचा फोन क्रमांक असतो, त्याचा फोटो काढूनच खाली उतरा. जहाज चुकलं तर पहिला फोन त्यालाच करायचा असतो. परदेशात पासपोर्ट हरवला तर स्थानिक पोलिसांत तक्रार देऊन भारतीय वकिलातीकडून आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. त्यावर पुढची बंदरं करता येत नाहीत.

शेवटच्या दिवशी जमा केलेले पासपोर्ट परत देताना रांग लांब असते आणि सगळ्यांना घाई असते. कोल्हापूरच्या गटात एकाच आडनावाची पाच-सहा माणसं असतात, त्यामुळे 'पाटील' म्हणून पुढे आलेला पासपोर्ट न उघडता खिशात टाकू नका. काउंटरवर उभे असतानाच फोटोचं पान उघडून बघा, सोबतच्या मुलांचेही मोजून घ्या, आणि मगच बाजूला व्हा.